चप्पल कुठे, अक्का?

अक्काने उभ्या आयुष्यात माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या. शेवटची मागितली ती गेल्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर. डायलिसिस उरकून तिला नुकतंच खाटेवर आणून निजवलं होतं. चेहरा सुजलेला, डोळे मिटलेले. ते उघडे असले तरी तिला उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतंच. मी शेजारी स्टुलावर बसून चादरीच्या सुरकुत्या उगाच सारख्या करत होतो. ती डोळे न उघडताच म्हणाली, "दिन्या, तो चपलेचा किस्सा सांग ना रे. लय दिस झाले." मी म्हणालो, "आता नको अक्का, दमली आहेस तू. रविवारी येतो ना, तेव्हा सांगतो." ती "बरं" म्हणाली. माझी थोरली बहीण कशालाच इतक्या सहज बरं म्हणायची नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं... शुक्रवारी सकाळी मी सातपूरला कामावर निघत होतो, बूट घालायला खाली वाकलो होतो, आणि दाजींचा फोन आला. "दिनूभाऊ, या," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. त्यांना तो बंद करता येत नसे.

आता तीन आठवडे झाले. येणारे येऊन गेले, सगळे विधी झाले, आणि मला रोज एकच गोष्ट खाते आहे. पाच मिनिटांचा तर किस्सा होता. मी तो लग्नाकार्यात, बारशात, कुणी न विचारताही शंभर वेळा सांगितला असेल. मग दहा वर्षं तोंडातून काढला नाही. का नाही काढला, ते लिहायला बसलो आहे.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई दिवसभर दुसऱ्यांच्या मळ्यात कामाला, त्यामुळे मी वाढलो तो अक्काच्या कडेवर. तिचं लग्न होऊन ती मखमलाबादला गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि वरातीत मीच तिच्यापेक्षा जास्त रडलो, असं ती पुढे सगळ्यांना सांगत असे. सासरी फुलांची शेती. झेंडू, शेवंती, गलांडा, कडेच्या वाफ्यात निशिगंध. दाजी शेत बघायचे आणि अक्का टोपल्या घेऊन गोदाकाठी, आमच्या भाषेत गंगेवर, फुलबाजारात बसायची. तिला मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख तिने केलं असेल, पण आमच्यासमोर कधी केलं नाही. बाजारात तिच्या शेजारी शकीलाभाभी बसायच्या, दर्ग्यावरच्या चादरींसाठी गुलाब विकायच्या. दोघींचं दिवसभर भांडण चाले आणि दोघी एकाच डब्यातून जेवत. अक्का हसायला लागली की पलीकडच्या रांगेतले लोक मान वळवून बघत. तिला किस्सा सांगायचा म्हणजे मोठी पंचाईत, कारण ती शेवट यायच्या आधीच हसून मोकळी व्हायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी तिला तहान लागायला लागली. तारीख-वार सांगता येणार नाही, कारण तहान लागली याची कोण नोंद ठेवतं? बाजारात बायकांना जायला धड जागा नव्हती, म्हणून तिथे बसणाऱ्या सगळ्याजणी सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. अक्काही घ्यायची नाही. दुपारी घरी पोचली की आधी माठाकडे जायची आणि उभ्यानेच तीन-तीन तांबे रिचवायची. आम्ही म्हणायचो, उन्हातून आलीय बिचारी. रात्री चार-चारदा उठावं लागतं म्हणून दाजी कुरकुरायचे, त्यावर ती म्हणायची, "येवढं पाणी पिल्यावर उठावं लागंलच ना." बरोबरच होतं की! एकाचं कारण दुसरं, दुसऱ्याचं पहिलं, आणि दोन्हींचं मिळून तिसरंच काही असेल हे आमच्या डोक्यातही आलं नाही. मग मोरीत मुंग्या व्हायला लागल्या. दाजींनी पांढऱ्या पावडरीची रेघ मारली, दोन दिवसांनी मुंग्या रेघ ओलांडून आल्या. अक्काने गुळाचा डबा मोरीपासून लांब हलवला. सगळ्या घराने मुंग्यांचा बंदोबस्त केला, पण त्या तिथेच कशाला येतात, असं एकानेही विचारलं नाही.

त्याच सुमारास ती बारीक झाली. पहिल्यापासून अंगाने भरलेली, आता दंडावरच्या चोळ्या सैल व्हायला लागल्या. खाणं उलट वाढलं होतं. माझी बायको तर तिच्या मागेच लागली, "अक्का, काय करता हो? आम्हालाही सांगा की." अक्का लाजली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी बांध्यावरून चांगलं म्हटलं होतं. त्या दिवाळीत तिने दाजींना घेऊन मेनरोडला स्टुडिओत जाऊन फोटो काढला, मोरपंखी साडीतला, मान जराशी तिरकी केलेला. परवा हार घातला तो त्याच फोटोला. येणारा प्रत्येकजण म्हणत होता, काय छान आलाय फोटो. मी त्या फोटोकडे बघू शकत नाही. त्यात आम्हाला जे रूप दिसलं तो आजार होता.

आणि मग चप्पल. अक्काची चप्पल पायातून निसटायला लागली. रस्त्यात, रिक्षात, देवळाच्या पायरीवर. ती आपली पुढे निघून जायची आणि मागून कुणीतरी हाका मारत यायचं, "ओ मावशी, चप्पल राहिली!" आधी आम्ही म्हटलं, पट्टा सैल असेल. नवीन घेतली, तीही निसटली. मग आम्ही ठरवून टाकलं की अक्का वेंधळी झाली आहे. मी रविवारी मखमलाबादला गेलो की उंबऱ्यातूनच ओरडायचो, "चप्पल कुठे, अक्का?" आणि ती आतून ओरडायची, "बघ रं तूच, बांधावर आसंल न्हाईतर बाजारात!" आमच्या घरात नमस्कार-चमत्कार राहिलेच नाहीत. फोनवरसुद्धा पहिलं वाक्य तेच.

तर तो किस्सा असा. दसऱ्याचा आदला दिवस, गंगेवर झेंडूचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. अक्का ढिगात बसून दोन्ही हातांनी फुलं तागडीत टाकते आहे. पंचवटीतले एक गृहस्थ आले, काळी टोपी, काखेत छत्री, बोलणं नाकातून. हे गृहस्थ मी फार झकास करायचो, काखेत लाटणं धरून. दोन किलो झेंडू घेतला, घासाघीस केली, पिशवी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून दत्त म्हणून हजर! "बाई, देव्हाऱ्यापुढे फुलं ओतली आणि त्यातून तुमचं पायताण निघालं हो! ऐन दसऱ्याला! मी तोरण कशाचं लावू?" शकीलाभाभी पदर तोंडात कोंबून मागे वळलेल्या. अक्काने कान पकडले, दुप्पट फुलं दिली. आणि किस्स्यातली सगळ्यात मोठी गंमत तर शेवटी यायची. आदल्या दिवशी दुपारपासून ही बाई एकाच चपलेवर हिंडत होती. बाजारात हिंडली, टेम्पोत चढली, घरी गेली, एक पाय चपलेत आणि एक पाय डांबरावर, आणि हिला पत्ताच नाही! इथे मी लंगडत चालून दाखवायचो आणि लोक हसून हसून लोळायचे. अक्का तर सुरुवातीलाच, त्या गृहस्थांनी दोन किलो घेतला असं मी म्हटलं की डोळे पुसत मध्येच तोडायची, "दोन न्हाई रं, दीड किलो व्हता! आन त्यात चप्पल!" दर वेळी. मी दर वेळी मुद्दाम दोनच म्हणायचो, तिने तोडावं म्हणून.

त्यानंतर दोन वर्षांनी, गौरी-गणपतीच्या दिवसांत, मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती बाहेर डोकावून पुन्हा चहा बघायला आत गेली आणि फरशीवर तिच्या डाव्या पावलाचा ओलसर ठसा राहिला. पाण्याचा वाटला, पण तो वाळेना. मी आत जाऊन तिचा पाय बघितला. तळव्याला, अंगठ्याच्या खाली, एक भोक होतं आणि त्यात तोरण बांधायच्या तारेचा तुकडा रुतलेला होता. किती दिवसांचा, देव जाणे. मी चिमट्याने काढला तेव्हा ती गॅसवरच्या चहाकडे बघत होती. मी म्हटलं, "दुखत नाही?" म्हणाली, "न्हाई रं. दुखलं आसतं तर मी डाक्टरकडं गेले नसते का?" आणि मी, शिकलेला, कारखान्यात स्टोअर सांभाळणारा, काय म्हणालो? म्हणालो, "दुखत नाही ना, मग ठीक आहे." आमच्या घरात आजारपणाचं मोजमाप तेवढंच होतं. दुखलं तर आजार, नाही दुखलं तर कौतुक. अक्काने तेल-हळद गरम करून लावली आणि पायाला फडकं बांधून दुसऱ्या दिवशी बाजारात गेली.

पंधरा-वीस दिवसांनी शकीलाभाभी माझ्या घरी आल्या. सिडकोतलं माझं घर त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, विचारत विचारत आल्या. दारातच म्हणाल्या, "दिनूभाई, आमचा बाजार फुलांचा. तिथं बसून मला हिच्या पायाचा वास येतोय. समजो. उद्याच्या उद्या घेऊन जा, नायतर मी उचलून नेईन." गुलाबाच्या राशीशेजारी बसणाऱ्या बाईला तो वास आला आणि आम्हाला नाही. का? आम्ही तिच्याकडे हसायच्या तयारीनेच जात होतो म्हणून, असं मला वाटतं.

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. पट्टी सोडताना त्यांचा चेहरा बदलला. प्रश्न विचारत राहिले. तहान लागते का? रात्री उठता का? वजन उतरलं का? दाजी प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत होते आणि प्रत्येक होबरोबर त्यांचा आवाज लहान होत होता. मग डॉक्टरांनी विचारलं, "चप्पल पायातून निसटते का? निसटली तर कळतं का?" आणि मी... मी हसलो. म्हणालो, "डॉक्टर, त्याचा तर किस्साच आहे," आणि तो सगळा सांगितला, टोपीवाल्या गृहस्थांच्या नाकातल्या आवाजासकट. अक्कासुद्धा हसली, दीड किलो म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत. माझं होईपर्यंत थांबले, मग कापसाची वात घेतली आणि अक्काला म्हणाले, "ताई, डोळे मिटा. पायाला कापूस लागला की हो म्हणायचं." अक्काने परीक्षेला बसलेल्या मुलीसारखे डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी बोटांना वात लावली. मग तळव्याला, टाचेला, घोट्याला. वात ठेवून टाचणी घेतली, तीही टेकवली. आम्ही बघत होतो. अक्का वाट बघत होती. शेवटी ती डोळे मिटूनच म्हणाली, "लावा की डाक्टर."

"लावलंय, ताई," डॉक्टर म्हणाले.

रक्तातली साखर कितीतरी वर्षं वाढलेली असणार, असं त्यांनी नंतर सांगितलं. ती हळूहळू पायाच्या नसा मारते, मग चप्पल निसटलेली कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही, भाजलेलं कळत नाही. तहान, रात्रीचं उठणं, उतरलेलं वजन, लघवीतल्या साखरेला आलेल्या मोरीतल्या मुंग्या, सगळं एकाच दुखण्याचं होतं. एकेक करून ते आमच्या दाराशी आलं होतं आणि आम्ही एकेकाला उन्हाचं, पाण्याचं, गुळाचं नाव देऊन परत पाठवलं होतं. चपलेवर तर मी नकलाच केल्या. पाय वाचला नाही. आधी दोन बोटं गेली आणि महिन्याभरात गुडघ्याखालून पाय. अक्का तेव्हा जेमतेम बेचाळीस वर्षांची होती.

मी तो किस्सा बंद केला. उंबऱ्यातून हाक मारणंही बंद केलं. दारात आलो की मुकाट्याने आत जाऊन बसायचो. मला वाटायचं, हे माझं प्रायश्चित्त आहे. अक्का मात्र वर्षभरात कुबडी घेऊन पुन्हा गंगेवर बसली. दाजी तिला लुनावर मागे बसवून आणायचे. आणि तिने तिथे एक नवंच काम काढलं. हार घ्यायला कुणी बाई आली की आधी तिच्या पायांकडे बघायची. "चप्पल निसटती का गं? निसटली तर कळतं का?" बायका आधी चक्रावायच्या. ज्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसे त्यांना ती पोत्यावर बसवून डोळे मिटायला लावायची आणि झेंडूच्या पाकळीने तळव्याला शिवायची. शकीलाभाभींना तर तिने हाताला धरून रक्त तपासायला नेलं. त्यांची साखर वाढलेली निघाली, पण वेळेत निघाली. भाभी आजही दोन्ही पायांनी चालतात. अक्काला अग्नी दिला तेव्हा त्या लांब उभ्या राहून स्वतःच्या पायांकडे बघत होत्या.

माझीही साखर निघाली, चाळिशीत. अक्काने रक्ताचं नातं सांगून मला दटावून तपासायला लावलं होतं. तेव्हापासून दर रविवारी ती मला ओट्यावर बसवायची आणि म्हणायची, "पाय पुढं कर." मी पाय मागे ओढायचो. "अक्का, तू मोठी. माझ्या पायाला हात लावू नकोस, पाप लागेल मला." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "हात कुठं लावतीय? फूल लावतीय. डोळं मीट." मी डोळे मिटायचो. पाकळी अंगठ्याला लागायची. "कळलं?" "कळलं." "आता?" "करंगळी." "लबाडी नको करू." "नाही गं, खरंच कळलं." मग ती सुस्कारा सोडायची. स्वतःचे डोळे अधू झाल्यावरही तिने हे सोडलं नाही, चाचपडत चाचपडत पाकळी लावायची. आधी डोळे गेले, मग किडन्या. ती आतून एकेक दिवा मालवत चालली होती आणि माझे पाय तेवढे तपासत होती.

मधूनमधून ती म्हणायची, "तो किस्सा सांग ना." मी विषय बदलायचो. एकदा, बाहेर शेवंती बांधता बांधता, ती चिडली. "दिन्या, तुला काय वाटतं, तू हसलास म्हणून माझा पाय गेला? पाय साखरंनं गेला. पन तू उंबऱ्यातून वरडायचा बंद झालास ना, त्या दिशी घरातलं हसनं गेलं. ते कोनाच्या माथी मारू?" मी खाली मान घालून शेवंतीचे देठ निवडत राहिलो. बोलायला हवं होतं. त्याच क्षणी काखेत लाटणं घेऊन उभं राहायला हवं होतं. मी माझ्या अपराधाला कुरवाळत बसलो आणि तिला हवं होतं ते पाच मिनिटांचं हसू तिच्यापासून दहा वर्षं दूर ठेवलं. तिने मला केव्हाच माफ केलं होतं, मला ते घेता आलं नाही.

मागच्या रविवारी मखमलाबादला गेलो. घरात दाजी एकटे. शकीलाभाभी डबा घेऊन आल्या होत्या. बसलो. मग दाजींनी खाटेखालून एक पुठ्ठ्याचं खोकं ओढून काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. आत चपला होत्या, कोऱ्या, पट्ट्यावरची चकाकी तशीच, एकीलाही मातीचा कण लागलेला नाही. पाय गेल्यानंतर दहा वर्षांत तिने जेवढ्या वेळा चप्पल घेतली तेवढ्या वेळा जोडच घ्यावा लागला होता. उजवी झिजायची आणि डावी या खोक्यात जायची. "दिनूभाऊ, ह्यांचं काय करू?" दाजी म्हणाले. "सगळ्या डाव्याच हायेत. कोनाला देऊ?"

मी त्या चपलांकडे बघत राहिलो. मग उठलो, बाहेर गेलो आणि उंबऱ्यात उभा राहून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "चप्पल कुठे, अक्का?" भाभी दचकल्या. दाजींनी मान वर केली. मी आत आलो, कोपऱ्यातलं लाटणं काखेत धरलं आणि किस्सा सांगायला लागलो. दसऱ्याचा आदला दिवस, झेंडूचे ढीग, काळी टोपी, नाकातला आवाज. आवाज फाटत होता, पण सांगत राहिलो. भाभींनी पदर तोंडाला लावला, हसण्यासाठी की कशासाठी, कळलं नाही. "आणि त्या गृहस्थांनी," मी म्हणालो, "दोन किलो झेंडू घेतला..."

आणि थांबलो. सवयीने थांबलो. तिने तोडावं म्हणून.

बाहेर वाफ्यात पाणी सुटलं होतं, त्याचा आवाज येत होता. मी तसाच उभा, काखेत लाटणं. दाजी खोक्यातल्या चपलांवरून हात फिरवत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी, माझ्याकडे न बघता, हळूच म्हटलं, "दीड किलो व्हता."